डोळ्याचा पडदा सुटतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "भाकऱ्या थापताना डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतंय. काळे ठिपके तरंगतायत." अशक्तपणा असेल, झोप काढा, असं आम्हीच त्यांना सांगितलं. चार दिवसांनी त्यांना एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं दिसेना झालं. दुखत मात्र काहीच नव्हतं. त्या चार दिवसांची रुखरुख आम्हाला अजून आहे, म्हणून आज हा विषय.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला एक नाजूक पडदा चिकटलेला असतो. त्याच्यामुळे आपल्याला दिसतं. त्याच्या पुढची पोकळी काचेसारख्या स्वच्छ जेलीने भरलेली असते. वयाबरोबर ही जेली आकसते आणि पडद्यापासून सुटी होते. बहुतेकींचं त्यात काही बिघडत नाही. कधी मात्र ती पडद्याला ओढते, भोक पडतं, त्यातून पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटतो. चष्म्याचा मोठा मायनस नंबर, डोळ्याला लागलेला मार, पूर्वी झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांत हा धोका जास्त. नुसतं भोक असेल तर बहुधा लेसरवर भागतं. पडदा सुटला की ऑपरेशन लागतं.

'डोळा बाहेर काढतात' ही भीती सोडा. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मायामीला डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत शिरून जेली काढायची पद्धत आणली. तेव्हा चीर दोन मिलिमीटरहून मोठी असे. आता अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची तीन छिद्रं पुरतात. एकातून पाणी सोडतात, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून जेली कापून ओढून घेणारं बारीक हत्यार. बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. मग पडदा जागेवर बसवून लेसर करतात आणि आत वायूचा बुडबुडा किंवा सिलिकॉन तेल भरतात. तेल पुढे सहसा दुसऱ्या ऑपरेशनने काढावं लागतं.

खरी कसोटी घरी असते. बुडबुडा वर चढतो. त्याने भोक दाबून धरावं म्हणून काही दिवस डॉक्टर सांगतील तशी मान ठेवायची, कधी पालथं, कधी कुशीवर. तेवढे दिवस चूल, पाणी, गुरं घरातल्या इतरांनी सांभाळायची. वायू विरेपर्यंत विमानप्रवास बंद. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाईहून महाबळेश्वरचा घाटही चढू नका. उंचावर बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. याच काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली, तर डोळ्यात वायू आहे हे आधी सांगा.

पडद्याचा मधला भाग सुटायच्या आत पोहोचलं, तर नजर चांगली वाचते. आमच्या ताईंचा तो भाग सुटला होता. आता त्या डोळ्याने त्यांना माणूस ओळखू येतो, सुईत दोरा ओवता येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, अचानक चमक, नवे ठिपके किंवा सावली दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. औषध घालून बाहुली मोठी करतील आणि पडदा तपासतील. त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्या. कुणीच नसेल तर आम्हाला हाक मारा. या वेळी आम्ही झोप काढा म्हणणार नाही.