ब्रिटनचे वार्तापत्र : सिगारेट सुटल्यावर

सिगारेट सोडल्याने आयुष्याची किती वर्षे वाचतात, याचा पक्का हिशेब ब्रिटनने आपल्याच डॉक्टरांवरून मांडला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये देशभरच्या डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. पुढे पन्नास वर्षे कोण कशाने गेले याची नोंद होत राहिली. 2004 चा निष्कर्ष असा, की सिगारेट न सोडणारे सरासरी दहा वर्षे आधी जातात. साठीत सोडली तर त्यांतली तीन वर्षे वाचतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत जवळजवळ सगळी. फुफ्फुसाच्या कर्करोगाबाबत डॉल यांचा मूळ संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. सुरुवातीचे आकडे हाती येताच त्यांनी स्वतःच सिगारेट टाकली.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेत सिगारेट सोडू पाहणाऱ्याला एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावतात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड पडद्यावर दिसतो आणि एक-दोन दिवसांत तो उतरलेलाही दिसतो. बाकीचे फायदे असे डोळ्यांनी दिसत नाहीत. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचाही सुमारे निम्मा होतो. दम्यासारखी धाप लावणाऱ्या आजारात फुफ्फुसाचे फाटलेले कप्पे मात्र पुन्हा जुळत नाहीत. झीज तेवढी मंदावते. सुरुवातीची चिडचिड आणि उडालेली झोप बहुधा महिनाभरात ताळ्यावर येते.

सोलापूरकरांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण तिकडची गाठ विडीशी आहे. चिमूटभर तंबाखू, वरून पान, म्हणून विडी सौम्य, हा समज खोटा. तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही, विडी सारखी विझते, म्हणून झुरके खोल आणि वरचेवर घ्यावे लागतात. भारतातल्या 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे सहा आणि स्त्रियांचे आठ वर्षे आयुष्य घटलेले आढळले. सोडू पाहणाऱ्यांसाठी 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे.

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी कामगार बायकांचा प्रश्न वेगळा. पाने भिजवून, कात्रीने कापून, तंबाखू भरून दोरा बांधेपर्यंत तंबाखूची धूळ नाका-घशात जाते, मग विडी ओठाला लागो न लागो. मजुरी हजार विड्यांवर मिळत असल्याने हात थांबवणेही परवडत नाही.