हृदयाच्या जोराचा कारभार

मध्यरात्री दारावर अनपेक्षित थाप पडली असता हृदयाचे ठोके नुसते जलद होत नाहीत, तर प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. आणि हा हुकूम मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणाऱ्या नॉरॲड्रिनलिनने आणलेला असो वा रक्तातून वाहत आलेल्या ॲड्रिनलिनने, त्याची तामिली ज्यांच्याकडे सोपवलेली आहे ते बीटा ग्राही नावाचे प्रथिनरेणू हृत्स्नायूच्या पेशीपटलांवर तैनात असतात.

अमेरिकेतील ऑगस्टा येथील रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली, सहा सजातीय द्रव्यांचा प्रभाव निरनिराळ्या इंद्रियांवर कोणत्या क्रमाने पडतो एवढ्याच पुराव्यावरून, या ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन वर्ग कल्पिले. तो निबंध आधी एका नियतकालिकाने साभार परत केला होता, आणि छापून आल्यावरही कित्येक वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. त्यातले मर्म हेरले जेम्स ब्लॅक यांनी. हृदयशूलाच्या रुग्णास अधिक प्राणवायू पुरवण्याच्या खटाटोपापेक्षा हृदयाची मागणीच कमी करावी, या विचाराने त्यांनी बीटा ग्राहींना अडवणारे प्रोप्रॅनोलॉल सिद्ध केले.

बीटा ग्राहीचा रेणू पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो. त्याच्या बाहेरच्या खोबणीत नॉरॲड्रिनलिन बसले की आतल्या बाजूस त्याचा आकार पालटतो, जी-प्रथिन कार्यप्रवृत्त होते, पेशीत चक्रीय एएमपी साचू लागते, आणि कॅल्शियमच्या वाटा अधिक खुल्या होऊन आकुंचन जोरकस होते. परंतु खरे कौतुक करावे ते पुढच्या बंदोबस्ताचे. कारण त्याच निरोपाने, कॅल्शियम परत कोठारात ओढणाऱ्या पंपावर फॉस्फोलॅम्बनने ठेवलेला लगाम सुटतो, स्नायू तितक्याच त्वरेने सैलावतो, आणि ठोके घाईचे असूनही रक्त भरून घेण्यास हृदयाला अवसर मिळतो. आकुंचनाचा जोर तेवढा वाढून सैलावणे मागे राहिले असते, तर अर्धवट भरलेल्या हृदयाने तो जोर खर्चावा तरी कशावर?

हृदय दुर्बळ झाले की हे हुकूम अहोरात्र सुटू लागतात, आणि पेशी आपले ग्राहीच कमी करतात. मायकेल ब्रिस्टो व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ साली, अशा निकामी मानवी हृदयांत ग्राहींची घनता निम्म्यावर आलेली आढळली. तत्पूर्वीच, १९७५ साली, स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे फिन वागस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात दुर्बळहृदयी रुग्णांना बीटारोधक देऊन सुधारणा नोंदवली होती. पण थकल्या हृदयाचा उरलासुरला आधार काढून घेणे हे तत्कालीन वैद्यकास अविचाराचे वाटले, आणि ते वाटणे अगदीच गैर नव्हते. १९९९ साली मेटोप्रोलॉलच्या एका मोठ्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले, तेव्हा कोठे हा वाद मिटला. आजही डॉक्टर या औषधाची सुरुवात साडेबारा किंवा पंचवीस मिलिग्रॅमने करतात आणि सोसेल तशी दर दोन आठवड्यांनी मात्रा दुप्पट करतात. आरंभी रुग्णाला थकवा अधिक जाणवू शकतो, आणि हृदयाचा जोर वाढलेला दिसू लागतो तो काही महिन्यांनी.