मिलिटरीची जीप, एमएच ०५ पासिंग

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही कॅम्प नंबर सांगावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली. शेजारच्या अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे. तिथलीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी २०२१ पासून रणगाडे आणि लष्करी वाहने बनवणाऱ्या एव्हीएनएल या सरकारी कंपनीत मोडते. लष्कराचा इतका जुना शेजार असलेल्या, बदलापूरपर्यंतच्या या पट्ट्यात एखाद्याला महायुद्धातली जीप किंवा लष्कराने लिलावात काढलेली जोंगा गाडी पासिंग करून घ्यायची असेल तर तो कल्याणच्या आरटीओत जातो आणि एमएच ०५चा नंबर घेतो. तिथवर सगळे सरळ आहे. मात्र गाडी 'ऐतिहासिक' म्हणून, तिच्या मूळ रूपात रस्त्यावर आणायची म्हटले की एक नियम दुसऱ्याच्या पायात पाय घालतो. ही अडचण सुटण्यासारखी आहे आणि ती सोडवताना सुरक्षेशी तडजोड करावी लागत नाही, असे माझे म्हणणे आहे.

सेवेत असलेल्या लष्करी गाडीचा आरटीओशी संबंध नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार संरक्षण खाते आपल्या गाड्यांची नोंदणी स्वतः करते. म्हणून त्या पाटीवर राज्याची अक्षरे दिसत नाहीत. वर तोंड केलेला बाण, गाडी लष्करात आली त्या वर्षाचे दोन आकडे, मग एक अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी वाहनाचा वर्ग सांगणारे अक्षर, अशी ती पाटी असते. बाण इंग्रजांच्या काळापासूनचा. सरकारी मालाची ती खूण. गाडी लष्कराच्या मालकीची राहिली नाही की तिला इतर गाड्यांसारखीच नोंदणी सक्तीची होते. लिलावात ती घेणाऱ्याला लष्करी अधिकाऱ्याच्या सहीचे फॉर्म २१ मधले मूळ विक्री प्रमाणपत्र मिळते आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ नुसार तेच आरटीओत द्यावे लागते. नवा नंबर मिळतो, बाणाचा जातो. सरहद्दीवर, पूरग्रस्त भागात, छावण्यांत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या गाडीचे आयुष्य आरसी बुकात लिलावाच्या पुढच्या पानापासून सुरू होते.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूप टिकवलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना त्यांचा लाभ मिळतो. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर, शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन किंवा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. नियम चांगलेच आहेत. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या मोटारी असाव्यात, असे वाचताना वाटत राहते. नोव्हेंबर २०२० च्या मसुद्यात वय पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून मोजायचे म्हटले होते. राजेसाहेबांच्या ब्युकला हे बरोबर लागू पडते; ती शोरूममधून निघाली आणि नोंदली गेली. जोंगाचे तसे नाही. जबलपूरच्या कारखान्यात ती १९६९ पासून बनू लागली. समजा, १९७० मध्ये लष्करात आलेली जोंगा १९९० मध्ये लिलावात गेली आणि तेव्हा आरटीओत नोंदली गेली. या मोजणीने ती २०४० पर्यंत व्हिंटेज ठरत नाही, पत्रा मात्र कधीच पन्नाशी ओलांडून गेलेला. शिवाय दुचाकी-चारचाकी एवढ्यावरच थांबल्यामुळे सहा चाकी ट्रक बाहेर राहतात. युद्धात रसद वाहिली ती त्यांनीच.

सगळ्यात चमत्कारिक गाठ रंगाची आहे. व्हिंटेजचा नियम म्हणतो, मूळ रूप बदलू नका. त्याच नियमावलीतला नियम १२१ म्हणतो, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावायचा नाही. महायुद्धातली विलीज जीप मूळ रूपात म्हणजे त्याच हिरव्या रंगात. मालकाने रंग ठेवला तर एक नियम मोडतो, बदलला तर दुसऱ्याचा हेतू. अधिकाऱ्याने काय करायचे ते कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणजे ते टेबलावर बसलेल्या माणसावर अवलंबून.

लष्करी नंबरचे महत्त्व फक्त हौसेपुरते नाही, तो पुरावा आहे. विलीज कंपनीने जीपचा चेसिस नंबर पुढच्या डाव्या रेलच्या आतल्या बाजूला एका छोट्या पट्टीवर ठोकून ती रिव्हेटने बसवली होती. तीच जीप बनवणाऱ्या फोर्डने तो रेलवरच ठोकला. ऐंशी वर्षांत रिव्हेट गंजतात, पट्टी निघून पडते किंवा कोणी काढून विकते. तशी जीप आरटीओत आली की चेसिसवर कागद धरून पेन्सिलीचा छाप घ्यायला हाती काही लागत नाही. डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या झाकणावर आणखी पट्ट्या असतात, त्यांत गाडी लष्कराला सोपवल्याची तारीख कोरलेली असते. या खुणा, जुना लष्करी नंबर आणि विक्री प्रमाणपत्र एकत्र ठेवून पाहिले तरच खरी गाडी आणि महिंद्राच्या नंतरच्या जीपवर तारे रंगवून तयार केलेली नक्कल वेगळी ओळखता येते. लष्करी नंबर पुसून टाकण्याऐवजी आरसीत नोंदवला तर भेसळ करणाऱ्याची पंचाईत होईल आणि आरटीओचे काम सोपे.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो हलका नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी पोशाखात होते आणि वाटेत त्यांनी पोलीस अधिकाऱ्याची गाडी पळवली होती. अंबरनाथसारख्या ठिकाणी, आयुध निर्माणीच्या फाटकाबाहेर, बाणाची पाटी लावलेली खासगी गाडी कोणालाच नको असणार. मलाही नको. म्हणून पुढे-मागे, कायद्याने सांगितलेल्या जागी, फक्त आरटीओची पाटी असावी, आता सर्वांना सक्तीची झालेली हाय सिक्युरिटी पाटीसुद्धा. तिची ५०० बाय १२० मिलिमीटरची पट्टी जीपच्या तोंडावर विचित्र दिसते, हे खरे, दिसू द्यावे. जुना नंबर बाण वगळून बॉनेटच्या बाजूला, तिथे तो पूर्वी असायचाच, ठरलेल्या लहान आकारात लिहायला परवानगी द्यावी. अमेरिकेतल्या काही राज्यांत जुन्या लष्करी गाडीच्या मालकाला नागरी पाटी बाहेर न लावता गाडीत बाळगायची मुभा आहे. आपल्याकडे तेवढे मोकळे सोडता येणार नाही. ब्रिटनची रीत जवळची वाटते: १९८० पूर्वीच्या ऐतिहासिक गाड्यांना काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरे चालतात, पण नंबर नागरी नोंदणीचाच.

दुसरा आक्षेप असा, की अशा गाड्या किती, आणि ही श्रीमंतांची हौस नव्हे का? हौस आहेच. पण व्हिंटेजचे नियम झाले तेही हौशी लोकांसाठीच, तेव्हा मूठभर असण्याचा मुद्दा आड आला नाही. रोल्स रॉइसला जी सवलत आहे ती एका जुन्या जीपला नाकारण्याला मला कारण दिसत नाही. नियमांत फरक तीन जागी करावा लागेल: वय लष्करात दाखल झाल्याच्या वर्षापासून मोजावे, 'व्हीए' नोंदणीच्या गाडीला मूळ हिरव्या रंगाची सूट द्यावी आणि लष्करी नंबर आरसीत शेऱ्याच्या रकान्यात यावा. पहिल्या दोन गोष्टींना केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाची अधिसूचना लागेल. तिसरीला राज्याच्या परिवहन आयुक्तांचे एक परिपत्रकही पुरावे.

तोवर ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. फॉर्म २१ चा मूळ कागद लॅमिनेट न करता फाइलीत ठेवावा. चेसिस आणि डॅशबोर्डवरच्या पट्ट्या रंगाखाली बुजवू नयेत. आणि रंगाऱ्याला गाडी देण्याआधी बॉनेटवर जुन्या रंगाखाली आकडे उमटलेले दिसतात का ते पाहून फोटो काढून घ्यावेत.