संगणकाचा प्रोसेसर बदलण्यापूर्वीं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हां नांदेड-लातुरांतील ज्या गृहस्थाकडे जुना संगणक आहे, त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, नुसता प्रोसेसर बदलून भागेल काय?

प्रोसेसर हा यंत्राचा मेंदू खरा; परंतु तो ज्या मदरबोर्डावर बसतो त्याची संमति प्रथम पाहावी लागते. सॉकेट जुळलें म्हणजे काम झालें, असें कोणीं समजूं नये. इंटेलच्या २०१५ मधील सहाव्या पिढीच्या सॉकेटांत ११५१ पिना होत्या. २०१७ मधील आठव्या पिढीच्या सॉकेटांतहि तितक्याच. तरीहि जुन्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाहीं. सातवी बसते, परंतु एखाददुसरा अपवाद सोडल्यास विंडोज ११ ला ती मान्य नाहीं. अशा ठिकाणीं केवळ प्रोसेसरवर केलेला खर्च व्यर्थ होय.

एएमडीची गोष्ट निराळी. तिच्या पुष्कळ एएम४ बोर्डांवर २०१७ चा रायझन काढून २०२० चा ५००० मालिकेंतील बसवितां येतो. मात्र जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच बायॉस अद्ययावत् करून घ्यावें.

आपल्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे जातो; म्हणून नव्या प्रोसेसरचे वॅट पाहून त्यास पेलेल असा कूलर घ्यावा.

सारांश, दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आपल्या बोर्डाचें नांव कागदावर लिहून घ्यावें, आणि उत्पादकाच्या यादींत नवा प्रोसेसर आढळला तरच पैसे मोजावेत.