चंद्राची ओढ आणि भरतीची वेळ

अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी खूप लांब जाते, म्हणून तिसऱ्या, कालवं काढायला आपण त्या दिवसांत खाडीत उतरतो. पण तेच पाणी पुढच्या सहा तासांत तितकंच उंच चढतं. असं का होतं, ते आज पाहू.

हातातली पाटी सुटली की खाली पडते, कारण पृथ्वी तिला ओढते. अशी ओढ जगातल्या प्रत्येक दोन वस्तूंमध्ये असते, हा नियम इंग्लंडच्या आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली मांडला. वस्तू जितकी जड, तितकी ओढ जास्त. अंतर दुप्पट झालं, की ओढ पावपट उरते. पाटी आणि कोयतासुद्धा एकमेकांना ओढतात, पण ती ओढ इतकी थोडी की जाणवत नाही.

चंद्र आपल्यापासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्यावर त्याची ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो. पृथ्वी फिरत असते, म्हणून आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते. सूर्यही ओढतो, पण तो फार लांब असल्याने भरतीवर त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात, तेव्हा भांग.

चंद्र रोज पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आपली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, ती यामुळेच. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास. हा अंदाज झाला. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं.

आता महत्त्वाचं. पाणी वळल्यावर पहिला तास हळू चढतं, पण तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत वेगाने. शिवाय आपल्या पाठीमागचे खोलगट ओहळ आधी भरतात आणि परतीची वाट बंद होते. म्हणून पाटी भरायची राहिली तरी पाणी वळताच निघा. एकटीने उतरू नका. गटातल्या एकीने काठावर थांबून पाण्याकडे लक्ष ठेवावं, आणि तिने हाक मारली की सगळ्यांनी वर यावं. तिसऱ्या पुढच्या उधाणालाही मिळतील.