जुने शिलाई मशीन भंगारात देण्याआधी: बहुतेक वेळा ते मोडलेले नसते, फक्त जाम झालेले असते

दिवाळीची साफसफाई निघाली किंवा घर बदलायची वेळ आली की माळ्यावरचे, जिन्याखालचे काळे शिलाई मशीन पुढे येते. चाक फिरत नाही, पट्टा तुटलेला, सोनेरी नक्षीवर धुळीचा थर. "आता यावर कोण शिवणार?" असे म्हणत ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. मशीनचे डोके दहा-बारा किलोंच्या आसपास भरते, खाली ओतीव लोखंडाचा स्टँड. पैसे मिळतात ते फक्त लोखंडाचे. ज्या मशीनवर परकर-पोलकी, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवून एखाद्या आजीने घर चालवले, त्याचा शेवट असा किलोच्या भावाने होतो.

वाईट याचेच वाटते की अशी बरीच मशीन खरे तर मोडलेली नसतात. ती जाम झालेली असतात. दोन-तीन दिवसांचा धीर, थोडे रॉकेल, मशीनच्या तेलाची बाटली आणि नवी सुई एवढ्यावर त्यातली अनेक घरच्या घरी पुन्हा चालू होतात.

आधी मशीन ओळखा

आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे भारतात सिंगर हे नाव इतके रुळले की मशीन कुठल्याही कंपनीचे असो, लोक त्याला सिंगरच म्हणू लागले. एरवी यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले होते. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणली आणि देशी मशीन घरोघरी पोचले.

सिंगरच्या पाटावर उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी, क्रमांक ठोकलेला असतो. क्रमांकाआधी अक्षर नसेल तर मशीन १९०० पूर्वीचे. मॉडेलमध्ये 'के' असेल, म्हणजे १५के, ६६के, २०१के, तर ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातले. हा कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

वयापेक्षा महत्त्वाचे म्हणजे बॉबिन कुठली हे पाहणे. गोल बॉबिन छोट्या डबीत बसवून डाव्या बाजूने आत जात असेल तर ते '१५' घराण्यातले. आपल्याकडची बहुतेक काळी देशी मशीन याच नमुन्यावर बेतलेली आहेत. त्यामुळे सुई, बॉबिन, डबी हे सामान आजही बाजारात मिळते. सुट्या भागांचे मोठे केंद्र म्हणजे पंजाबातले लुधियाना. होडीसारखे लांबट शटल आणि सडपातळ लांब बॉबिन असेल तर मशीन त्याहून जुन्या पद्धतीचे. त्याचे शटल हरवले असेल तर आधी ते शोधावे, बाकीचे काम नंतर.

जाम होण्यामागे बहुधा तेलच

मशीनला तेल घातले नाही म्हणून ते जाम झाले, असा समज असतो. पुष्कळदा गोष्ट उलटी असते. तेल घातलेले असते, पण चुकीचे. मशीनचे तेल संपले की हाताशी असते ते खोबरेल. दोन थेंब सोडले की मशीन त्या दिवशी लोण्यासारखे चालते. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. बेळगाव, चंदगड, खानापूरच्या थंडीत बाटलीत जे होते तेच मशीनच्या सांध्यातही होते. शिवाय कुठलेही खाण्याचे तेल हवेत राहून हळूहळू चिकट होते आणि वर्षानुवर्षांनी त्याचा डिंकासारखा थर बसतो. त्यात धूळ आणि कापडाचा बारीक भुसा मिसळला की चाक जागचे हलत नाही.

गोव्यात आणि कोकणात त्यात दमट हवेची भर पडते. तिथे चिकट तेलासोबत गंजही असतो. गंज वरवरचा असेल तर काम होते, पण वेळ जास्त लागतो.

जोर लावायचा नाही

पहिला नियम हाच. चाक फिरत नाही म्हणून पकड लावून पिळले किंवा हातोडीने ठोकले तर जे मोडले नव्हते तेही मोडते. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते.

काम सुरू करण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. सुई, कापड दाबणारा पाय, सुईखालची पत्री आणि डाव्या टोकाचे झाकण काढून ठेवावे. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या वाटीत. डिसमिस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल त्याच मापाचा हवा. सैल डिसमिस घसरला की खाचही जाते आणि नक्षीवर ओरखडाही उठतो.

आता शटलच्या जागेत डोकावावे. तिथे दोऱ्याचे गुंते आणि दात्यांखाली भुशाचा नमद्यासारखा थर सापडतो. चिमटा आणि जुना टूथब्रश पुरे. चाकाच्या मागे दांड्याभोवती दोरा गुंडाळला आहे का तेही पाहावे. कधी कधी सगळा 'बिघाड' एवढाच असतो.

नंतर जिथे जिथे धातूवर धातू घासतो तिथे, आणि वरच्या तेलाच्या भोकांत, रॉकेलचे थेंब सोडावेत आणि रात्रभर ठेवावे. सकाळी चाक पुढे-मागे अगदी किंचित हलवून पाहावे. केसभर हलले तरी काम होणार असे समजावे. पुन्हा थेंब, पुन्हा वाट. रॉकेल मिळत नसेल तर मशीनचे तेलच सढळ हाताने वापरावे, फक्त दिवस जास्त लागतील. हे काम गॅस आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब, हवा खेळती असलेल्या जागी करावे. रॉकेलच्या चिंध्या घरात साठवू नयेत.

चाक मोकळे झाले की काळपट घाण पुसून घ्यायची आणि प्रत्येक जागी शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब घालायचे. रॉकेल मळ सोडवते, वंगण म्हणून ते टिकत नाही. म्हणून ही पायरी वगळली तर मशीन कोरडे घासत राहते.

मशीन विजेच्या मोटरवर चालणारे असेल तर वरील काम प्लग काढूनच करावे. जुन्या वायरीचे रबर कडक होऊन तुटलेले असते. वायरमनने वायर बदलून दिल्याशिवाय ते चालू करू नये.

सोनेरी नक्षी जपा

काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी किंवा काही सिंगरवर असलेले स्फिंक्सचे चित्र हे पातळ छापील चिकटचित्र असते. थिनर, स्पिरिट, भांड्यांची पावडर, तारेची घासणी यातले काहीही लागले तर ते क्षणात जाते आणि परत येत नाही. रॉकेलही त्यावर ओघळू देऊ नये. मऊ सुती कापडावर मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन हलकेच पुसावे. मळ हळूहळू सुटतो. घाई करून चकचकीत करण्यापेक्षा थोडी मळकट पण शाबूत नक्षी बरी.

चाक फिरते, पण सुई हलत नाही

इथे बरेच जण हरतात. चाकाच्या मधोमध एक मोठा गोल स्क्रू असतो. बॉबिन भरताना तो सैल करतात, म्हणजे सुई थांबते आणि चाक तेवढे फिरते. तो घट्ट असूनही सुई हलत नसेल तर त्यामागची कान असलेली वॉशर उलटी बसलेली असू शकते. मोठ्या स्क्रूमधला छोटा स्क्रू काढून तो सोडवायचा, वॉशर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायची. एवढ्यावर मशीन चालू होते.

पायाच्या मशीनला चामडी पट्टा लागतो. तो चाकावरून आणि खालच्या मोठ्या चाकावरून घेऊन मापाने कापायचा आणि तारेच्या हुकाने जोडायचा. फार घट्ट केला तर पायडल जड जाते, फार सैल असेल तर घसरतो. बोटाने दाबल्यावर थोडा लवला म्हणजे ठीक. स्टँडच्या सांध्यांनाही तेल लागते, हे बहुतेक जण विसरतात. सिंगर आणि उषाचे चाक नेहमी आपल्या दिशेने फिरवायचे. उलटे फिरले की दोरा अडकतो.

टाका कसा तपासायचा

सुई नवीच घालावी. सुईची चपटी बाजू शटलकडे, लांब खाच त्याच्या विरुद्ध बाजूला. दोरा खाचेच्या बाजूनेच ओवायचा. सुई उलटी असेल तर मशीन टाकाच धरत नाही आणि दोष मात्र मशीनला लागतो.

वर लाल आणि खाली पांढरा, असे दोन रंगांचे दोरे घ्यावेत. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर हवा, तरच दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. सुती कापडाची दुहेरी घडी घेऊन सावकाश शिवावे. कापडाखाली लाल फासे दिसले तर वरचे टेन्शन सैल, वर पांढरे ठिपके आले तर वरचे टेन्शन घट्ट. चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकला तरीही टेन्शन बिघडते, म्हणून आधी तिथे साफ करावे. दोरा ओवलेले मशीन कापडाशिवाय चालवू नये, लगेच गुंता होतो.

कुठे थांबायचे

डोक्याला तडा गेला असेल, शटलचे टोक झिजले किंवा मोडले असेल, किंवा सुई आणि शटलची वेळ जुळत नसेल तर ते काम जुन्या कारागिराकडे द्यावे. एखादी पिन, बुश किंवा स्टँडचा भाग मोडला तर सीमाभागातल्या लोकांची मोठी सोय आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्यांची कमी नाही. नमुना नेऊन दाखवला तर पिन तासून मिळू शकते. मोडलेले ओतीव लोखंड मात्र साध्या वेल्डिंगने जोडू नये, ते काम जाणणाऱ्याकडूनच करावे.

'लाल पाऱ्या'ची अफवा

जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, अशी अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात पसरली आणि तिथे लोकांनी जुन्या मशीनसाठी अवाच्या सवा पैसे मोजले. शिलाई मशीनमध्ये असा कुठलाही पदार्थ नसतो. असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर ती सरळ फसवणूक समजावी. सिंगरने जगभर कोट्यवधी मशीन विकली, त्यामुळे केवळ जुने आहे म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही.

त्याची किंमत दुसरीकडे आहे. हिशेब सोपा आहे. एका बाजूला भंगारवाल्याचा किलोचा भाव गुणिले वजन. दुसऱ्या बाजूला तेल, सुई, पट्टा आणि फार तर कारागिराची मजुरी, आणि त्या बदल्यात फॉल-पिको सोडून घरातले जवळजवळ सगळे सरळ शिवण करणारे, वीज नसतानाही चालणारे मशीन. घरात कोणी ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवणारी असेल किंवा शिवणक्लासला जाणारी मुलगी असेल तर हा फरक आणखी मोठा होतो.

मशीन चालू झाल्यावर ते पुन्हा माळ्यावर टाकू नये. आठवड्यातून एकदा तरी चालवावे, महिन्याला तेलाचे थेंब द्यावेत, पावसाळ्यात प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाकावे, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. आणि ज्यांनी ते मशीन वर्षानुवर्षे चालवले त्या आजी, काकू, आत्या घरात असतील तर पहिला दोरा त्यांनाच ओवू द्यावा. कुठला स्क्रू किती फिरवायचा, हे त्यांच्या बोटांना अजून आठवत असते.