नवे जनावर जुन्या दावणीस बांधण्यापूर्वी

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा देवदर्शनाबरोबर जनावरांची मोठी उलाढाल होते. लातूर जिल्ह्याच्या उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजारही असाच दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत खरेदीदार बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. परंतु त्या जनावराच्या रक्तात कोणता रोग मुरत आहे, अथवा कानाच्या पाळीत दडलेली गोचीड कोणत्या मुलखातून आली आहे, हे दात पाहून कळत नाही. बैल दावणीस बांधला जातो आणि त्याच्याबरोबर आलेला न दिसणारा पाहुणाही गोठ्यात राहावयास येतो.

सीमा नवी, वाटा जुन्या

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे राज्याच्या सीमेवर वसलेले आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मराठवाड्यात आले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ व भैंसा आणि देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल हा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. तो आज तेलंगणात आहे. नकाशावरील रेषा बदलली, तरी सोयरिकी, बाजार आणि गुरांच्या वाटा पूर्वीच्याच राहिल्या.

याच टापूत देवणी व लाल कंधारी या दोन नामांकित जाती नांदत आल्या आहेत. दूध आणि ओढकाम या दोन्हींस उपयोगी पडणाऱ्या देवणीचे वानेरा, बालंक्या व शेवेरा हे तीन प्रकार जाणते शेतकरी दुरूनही ओळखतात. लाल कंधारी बैल उन्हातान्हात व कोरडवाहू रानात टिकून काम करतो. हे धन पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून निर्माण झालेले आहे. ते एका हंगामात गमावता येते. एका हंगामात परत मिळवता मात्र येत नाही.

लम्पीचा धडा

लम्पी त्वचारोग प्रथम १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात आढळला. अनेक दशके तो आफ्रिका खंडातच होता. पुढे तो पश्चिम आशियात पसरला आणि २०१९ साली भारतात ओडिशा राज्यात त्याची प्रथम नोंद झाली. २०२२ साली गुजरात व राजस्थानात त्याने थैमान घातले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यात दिसला आणि सप्टेंबरमध्ये संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करावा लागला. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली केलेल्या अधिनियमाचा हा उपयोग होता. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीस मनाई झाली, आणि राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैलांना लस टोचण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

हा रोग चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडी यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. माशी आपल्या बळाने फार दूर जात नाही. मालमोटार मात्र बाधित जनावर एका रात्रीत तीन जिल्हे ओलांडून नेते. अंगावर गाठी उठण्यापूर्वीचे काही दिवस असे जनावर धडधाकट दिसते. नेमका तोच काळ धोक्याचा असतो.

बाजारबंदीचा फटका निरोगी जनावरांच्या मालकांसही बसला, हे विसरून चालणार नाही. पेरणीच्या खर्चासाठी ज्यास खोंड विकावयाचा होता, त्याची अडचण झाली. सबब, सर्वांचा बाजार बंद करण्याची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर प्रत्येकाने आपला गोठा आधीच सांभाळला पाहिजे.

तीन दारे

बाहेरच्या रोगास अडविण्यासाठी तीन दारे आहेत. पहिले दार देशाचे. पशुधन आयातीवरील नियंत्रणाचा कायदा १८९८ सालापासून चालत आलेला आहे. परदेशातून जनावर आणावयाचे तर परवानगी लागते आणि त्यास विलगीकरण केंद्रात ठेवून तपासावे लागते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद व बंगळूर येथे अशी केंद्रे आहेत.

दुसरे दार राज्याचे व बाजाराचे. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस मनाई करण्यात आली. टॅगवरील बारा अंकांवरून जनावराची मालकी व लसीकरण यांची नोंद पाहता येते. रोग उद्भवल्यास जनावर कोठून आले, याचा मागही लागतो.

तिसरे दार शेतकऱ्याच्या गोठ्याचे. पहिली दोन दारे चुकवून आलेला रोग येथेच अडू शकतो.

या तिन्ही दारांचा मेळ बसला म्हणजे काय साधते, हे बुळकांडीच्या इतिहासावरून दिसते. दावणीच्या दावणी रिकाम्या करणाऱ्या या रोगाविरुद्ध १९५४ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सामुदायिक लसटोचणी, सीमांवरील तपासणी नाकी आणि गावोगावची खबर यांच्या जोरावर १९९५ नंतर भारतात हा रोग आढळला नाही. २००६ साली देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली तर सारे जग त्यातून मुक्त झाले. नाके सरकारी होते, परंतु खबर गावाने दिली.

गोठ्यावर करावयाची व्यवस्था

१. टॅग व लसीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय जनावर विकत घेऊ नये. लस टोचल्यावर अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. काल टोचलेले जनावर आज सुरक्षित झाले, असे समजू नये.

२. नवे जनावर निदान २८ दिवस वेगळे बांधावे. लम्पीचा रोग मुरण्याचा कमाल काळ जागतिक पशुआरोग्य संघटनेने इतकाच धरला आहे. वेगळा गोठा नसेल तर शेतातील झाडाखाली छप्पर करावे.

३. त्याची गव्हाण, पाण्याची बादली व दोर वेगळे असावेत. घरच्या गुरांची वैरण-पाणी आधी व नव्याचे शेवटी करावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत.

४. पहिल्याच दिवशी कान, कास, शेपटीचे मूळ व मांड्यांचा आतील भाग गोचिडीसाठी तपासावा. गोचिडीची एक मादी हजारो अंडी घालते आणि ती भिंतीच्या भेगांत दडतात. गोचीडताप याच मार्गाने येतो व संकरित गाईंस विशेष घातक ठरतो. म्हणून भेगा लिंपून घ्याव्यात, शेण-मूत्र साचू देऊ नये.

५. गोचिडीवरील औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. पिकावर फवारावयाचे विष जनावराच्या अंगास कधीही लावू नये.

६. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, चारा सोडणे, अंगावर गाठी यांपैकी काहीही दिसल्यास जनावर हलवू वा विकू नये. ग्रामपंचायतीस व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे, अथवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. अशी खबर देणे व रोगी जनावर वेगळे ठेवणे हे २००९ च्या अधिनियमान्वये मालकाचे कर्तव्यच आहे.

रोग लपवून जनावर विकणारा आपले नुकसान टाळतो असे त्यास वाटते. परंतु तेच नुकसान तो दुसऱ्याच्या दारी नेऊन सोडतो. देगलूरच्या शेतकऱ्याने लपविलेला रोग उदगीरला पोहोचतो आणि उदगीरचा बाजार बंद झाला की देगलूरचाही बैल विकला जात नाही.

अठ्ठावीस दिवसांची वेगळी वैरण, एक जादा बादली आणि थोडे श्रम, एवढीच या दक्षतेची किंमत आहे. नव्या बैलाच्या कपाळी कुंकू लावून त्यास घरात घेण्याची आपली रीत आहे. ती जरूर पाळावी. दावण मात्र महिनाभर वेगळी ठेवावी.